अचानक छातीत-पाठीत कळ आणि ईसीजी नॉर्मल: महाधमनीचा आजार नेमका कोणत्या तपासणीत कळतो?

रानजाई
नमस्कार मंडळी. आमच्या घरात नुकतंच जे घडलं त्यावरून विचारते आहे.

माझा आतेभाऊ, वय ५२. रक्तदाबाची गोळी त्याने मनानेच बंद केली होती. रात्री जेवून उठताना दोन खांद्यांच्या मधोमध अशी कळ आली की तो जागीच खाली बसला. जवळच्या दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्तचाचणी) नॉर्मल, छातीचा एक्सरेही ठीक आहे म्हणाले. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पहाटे उजवा पाय गार पडून बधिर झाला, तेव्हा मोठ्या गावाला हलवलं. तिथे सीटी अँजिओ (शिरेतून औषध देऊन केलेला रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) केली आणि निदान झालं, अओर्टिक डिसेक्शन, टाइप ए. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. आता घरी आहे, हळूहळू चालतोय.

मला कुणावर राग काढायचा नाही. पण एवढ्या तपासण्या होऊनही पहिल्या रात्री काहीच कसं दिसलं नाही? सीटी आधीच का करत नाहीत? आणि आपण नातेवाइकांनी अशा वेळी काय सांगायचं, काय विचारायचं?

पाटीलवाडा
भाऊ वाचला हे फार मोठं झालं ताई. आमच्याकडे छातीत दुखलं की पहिला उपचार ओवा आणि काळं मीठ, दुसरा इनो, तिसरा शेजारच्या काकांचा सल्ला. डॉक्टरचा नंबर चौथा लागतो. वाचतोय.

कृष्णधवल
मी रेडिओलॉजिस्ट आहे, जरा सविस्तर लिहितो.

महाधमनी (अओर्टा) म्हणजे हृदयातून निघणारी शरीरातली सर्वांत मोठी धमनी. तिची भिंत तीन थरांची असते. सगळ्यात आतल्या थराला चीर पडली की रक्त त्या चिरेतून भिंतीतच घुसतं आणि ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा सुटावा तसा तो थर सोलत जातो. हेच डिसेक्शन. मग एकाच नळीत दोन वाटा तयार होतात, एक खरी पोकळी आणि एक खोटी. मध्ये तो सुटलेला पापुद्रा हेलकावत राहतो. वाटेत ज्या ज्या फांद्या फुटतात, म्हणजे मेंदूकडे, मूत्रपिंडाकडे, पायाकडे जाणाऱ्या, त्यांचा रक्तपुरवठा कधीही अडू शकतो. तुमच्या भावाचा पाय गार पडला तो यामुळेच.

हृदयातून वर निघणारा भाग सापडला असेल तर टाइप ए, तो सोडून पुढचा भाग असेल तर टाइप बी. टाइप ए ला तातडीचं ऑपरेशन लागतं. उपचाराविना पहिल्या ४८ तासांत दर तासाला एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात असं वैद्यकाच्या पुस्तकांत शिकवलं जातं. टाइप बी मध्ये बहुतेकदा आधी औषधांनी नाडी आणि रक्तदाब खाली आणतात, गरज पडली तर मांडीतून स्टेंट घालतात.

आता तुमचा प्रश्न. ईसीजी आणि ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूबद्दल बोलतात. महाधमनीबद्दल ते काही सांगूच शकत नाहीत. छातीच्या एक्सरेत मधली सावली रुंद दिसली तर संशय येतो, पण ती न दिसल्याने संशय जात नाही. १९९६ पासून अनेक देशांतली मोठी रुग्णालयं मिळून या आजाराची एक नोंदवही ठेवतात, इराड नावाची. त्यांनी २००० साली ४६४ रुग्णांची माहिती छापली. त्यात साधारण १२ टक्के रुग्णांचा एक्सरे पूर्ण नॉर्मल होता आणि सुमारे ३१ टक्के रुग्णांचा ईसीजी नॉर्मल होता. म्हणजे डिसेक्शन असताना सुद्धा. त्या रात्री तुमच्या हातात तीन "नॉर्मल" होते, आणि तिघांनाही महाधमनीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

हिशेबी
मग छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्या प्रत्येकाची सीटी अँजिओ का नको? हृदयाच्या धमन्या, फुप्फुसाच्या धमन्या आणि महाधमनी, तिन्ही एकाच फेरीत बघता येतात असं वाचलंय. दहा-बारा हजारांत जीव वाचत असेल तर कुठलंही घर पैसे उभे करेल.

माणदेशी_डॉक
हिशेबी, तळमळ समजते, पण माझ्या दवाखान्यात बसून बघा. छातीत दुखतंय म्हणणारे रोज येतात. कुणाचं स्नायू आखडणं, कुणाचं पित्त, कुणाची धास्ती, अधूनमधून खरा हार्ट अटॅक. डिसेक्शन वर्षाला लाखात तीन ते सहा जणांना होतं असा अंदाज आहे. सगळ्यांना सीटीला पाठवलं तर शेकडो लोकांना विनाकारण किरणोत्सर्ग आणि आयोडीनचं औषध (चित्रात रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते) जाईल, आणि ज्याला खरंच गरज आहे तो रांगेत मागे उभा राहील.

मी काय करतो ते सांगतो. तीन प्रश्न विचारतो. दुखणं एकदम, बटण दाबल्यासारखं सुरू झालं का? सुरुवातीलाच सर्वांत जास्त होतं का? जागा बदलत गेलं का, छातीतून पाठीत, पाठीतून पोटात? मग दोन्ही हातांचा रक्तदाब घेतो. वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक आला की माझा हात थेट फोनकडे जातो. पायाच्या नाड्या बघतो. स्टेथोस्कोपने नवीन कुरकुर ऐकू येते का ते बघतो. याला पाच मिनिटं लागतात.

दोन्ही हात सारखे आले म्हणून डिसेक्शन नाही असं मात्र समजू नका. सापडलं तर सोनं, नाही सापडलं तर शंका तशीच ठेवायची.

कृष्णधवल
डॉक्टरांशी पूर्ण सहमत. हिशेबी, चाळणी लावायची सोय आहे. घराण्यातला इतिहास, दुखण्याची तऱ्हा आणि तपासणीतल्या खुणा यांवरून गुण देतात. गुण शून्य किंवा एक असतील आणि डी-डायमर ही रक्तचाचणी ५०० च्या खाली असेल तर डिसेक्शनची शक्यता फार कमी उरते. २०१८ साली १८५० रुग्णांवरचा अभ्यास आला होता, त्यात या पद्धतीने साधारण ३०० मागे एकच निदान निसटलं. गुण जास्त असतील तर मात्र डी-डायमरची वाट बघत बसायचं नाही, सरळ सीटी.

तिन्ही एकाच फेरीत बघण्याबद्दल: जमतं, पण औषध तिन्ही ठिकाणी एकाच वेळी भरलेलं हवं, त्यासाठी ते जास्त लागतं आणि चित्र दर वेळी मनासारखं येत नाही. शंका नेमकी असेल तर नेमका स्कॅनच चांगला.

गॅन्ट्री_जालना
मी सीटीचा टेक्निशियन. रात्रपाळीला बहुतेक वेळा मशीनवर मी एकटा असतो आणि रिपोर्ट दुसऱ्या शहरातले सर पाठवतात. नेमका स्कॅन म्हणजे काय ते आमच्या बाजूने सांगतो, कारण हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं.

चिठ्ठीवर "सीटी चेस्ट" एवढंच आलं तर साधा स्कॅन होतो, शिरेतून औषध न देता. त्यात फुप्फुसं छान दिसतात. पण रक्त आणि पापुद्रा दोन्ही करड्या रंगाचे, पापुद्रा ओळखूच येत नाही. चिठ्ठीवर "पल्मनरी एम्बोलिझमची शंका" (फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकल्याची) असं आलं तर औषध फुप्फुसाच्या धमनीत पोहोचल्याबरोबर आम्ही चित्र घेतो. त्या क्षणी महाधमनीत औषध नीट पोहोचलेलंच नसतं. "अओर्टा" लिहिलं असेल तर महाधमनीवर खूण ठेवतो, औषध तिथे आलं की मशीन आपोआप सुरू होतं, आणि मानेपासून जांघेपर्यंत सगळं घेतो.

म्हणजे पेशंट तोच, मशीन तेच, पण चिठ्ठीवरच्या एका शब्दाने चित्र बदलतं. म्हणून डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती, नुसतं "चेस्ट पेन" लिहू नका. डोक्यात शंका आहे ना, ती कागदावर उतरवा.

रानजाई
गॅन्ट्री दादा, हे अजिबात माहीत नव्हतं. मला वाटायचं सीटी म्हणजे सीटी, आत गेलं की सगळंच दिसतं.

कृष्णधवल
गॅन्ट्री यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. भर घालतो. आधी औषधाविना एक फेरी घ्यायची, कारण काही रुग्णांत चीर दिसतच नाही, भिंतीच्या आत नुसतं रक्त साकळलेलं असतं. औषधाविनाच्या चित्रात ते चंद्रकोरीसारखं पांढरट दिसतं, औषध दिल्यावर ते शेजारच्या चकाकीत हरवू शकतं. धोका मात्र डिसेक्शनइतकाच. मग औषध देऊन दुसरी फेरी.

सलाइनची सुई शक्यतो उजव्या हातात आणि जाड हवी. डाव्या हातातून औषध दिलं तर ते ज्या शिरेतून जातं ती महाधमनीच्या फांद्यांसमोरूनच आडवी जाते आणि तिच्या चकाकीचे पट्टे नेमक्या हव्या त्या जागेवर पडतात. हृदयाच्या ठोक्याशी जुळवून चित्र घेता आलं तर उत्तमच. नाहीतर महाधमनीचं मूळ दर ठोक्याला हलतं आणि दुहेरी कडा पापुद्र्यासारखी भासते. अशा भासाला पापुद्रा समजून निरोगी माणसाची छाती उघडणं हीसुद्धा आपत्तीच.

क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाच्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट आल्याशिवाय औषध देणार नाही, असा हट्ट या आजारात धरू नये. मूत्रपिंडाची काळजी नंतर घेता येते.

हिशेबी
चिठ्ठीचा मुद्दा पटला. "सगळ्यांची सीटी" हा आग्रह मागे. पण मग लहान गावात काय? तिथे १२८ स्लाइसचं (एका फेरीत १२८ काप टिपणारं) मशीन कुठून आणणार?

गॅन्ट्री_जालना
१६ स्लाइसवर पण पापुद्रा दिसतो हो. माझ्याकडे तेच होतं. वेळ बरोबर साधली पाहिजे आणि पेशंटने श्वास धरला पाहिजे. खरी अडचण रात्री अडीच वाजता रिपोर्टची असते. पण टेबलावर चित्र येताच दोन पोकळ्या दिसल्या तर टेक्निशियनने रिपोर्टची वाट न बघता फोन उचलावा. निदान लिहिणं आमचं काम नाही, पण "सर, आत्ता बघा" म्हणणं आहे. मी पेशंटला टेबलावरून हलवण्याआधी तो फोन करतो.

रात्रपाळी
मी अपघात विभागात काम करते. सीटीच्या आधीचा एक टप्पा इथे सुटलाय, खाटेशेजारी केलेली सोनोग्राफी.

पोटातली महाधमनी सोनोग्राफीत झटकन मोजता येते. तीन सेंटिमीटरच्या वर गेली की फुगा म्हणतात. साठीच्या पुढचा सिगारेट ओढणारा पुरुष, अचानक कंबर आणि पोट दुखतंय, चक्कर आली, रक्तदाब पडलाय. याला किडनी स्टोन म्हणून वेदनाशामक देण्याआधी पोटावर प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) ठेवला तर फुगा दिसतो. फुटलेला आहे का हे सोनोग्राफी खात्रीने सांगू शकत नाही, कारण रक्त पाठीमागच्या भागात साठतं. पण असा माणूस आणि असा फुगा एकत्र दिसले की सर्जनला बोलवायला तेवढं पुरतं. छातीवर प्रोब ठेवला तर हृदयाभोवती साठलेलं रक्त दिसतं, कधी कधी पापुद्राही हलताना दिसतो. बाहेरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) वरच्या भागाचं डिसेक्शन बऱ्याचदा सापडतं, पण चार-पाचात एक सुटतं. म्हणून इको नॉर्मल आली की विषय संपला असं नाही.

मग हे सगळीकडे का होत नाही? आपल्याकडे गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, ते कोण वापरणार त्याची नोंदणी लागते, आणि हलवता येणारं यंत्र फक्त नोंदणी केलेल्या रुग्णालयाच्या आवारात दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकात वापरता येतं. परदेशात डॉक्टर खिशात प्रोब घेऊन फिरतात. इथे सोनोग्राफी दुसऱ्या मजल्यावर कुलपात आणि माझा रुग्ण तळमजल्यावर. साठीच्या पुरुषाच्या पोटावर प्रोब ठेवण्यात लिंगनिदान कुठून आलं?

बिंदुसरा
रात्रपाळी, तुमची अडचण खरी आहे, पण मी बीडची. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात मुलींचं प्रमाण राज्यात सर्वांत कमी आमच्या जिल्ह्यात होतं. गाडीच्या डिकीत यंत्र घालून गावोगाव फिरणारे आम्ही ऐकलेत. तो नियम कुणाच्या हट्टातून आलेला नाही. कृपया "सैल करा" असं सहज म्हणू नका.

रात्रपाळी
कायदा सैल करा असं मी म्हणत नाही. अपघात विभागाच्या नावाने स्वतंत्र यंत्र नोंदवा, प्रशिक्षित डॉक्टरांची नावं त्यावर घाला, हवं तर प्रत्येक वापराची नोंद ठेवा. हे आजच्या चौकटीतही बसतं, काही रुग्णालयं करतातही. बाकीच्यांना कागदांची भीती वाटते म्हणून यंत्र वर राहतं.

बिंदुसरा
नोंद ठेवून होत असेल तर माझी हरकत नाही. आमच्या जिल्ह्यात तरी ती नोंद कुणीतरी तपासावी एवढंच.

भौतिकमास्तर
पोटातल्या फुग्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आइनस्टाइन यांना हाच आजार होता. १९४८ साली डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचं पोट उघडल्यावर फुगा सापडला. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, सीटी नव्हती. निसेन यांनी फुग्याला सेलोफेन गुंडाळलं, म्हणजे त्याभोवती जाड आवरण धरून तो आवळला जाईल. पुढे १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुटला. आइनस्टाइन यांनी ऑपरेशनला नकार दिला आणि १८ एप्रिलला ते गेले. मधली सव्वासहा वर्षं त्या फुग्यावर नजर ठेवायला आज आहे तसं साधन नव्हतं.

त्याच्याही आधी तर निदान शवविच्छेदनातच व्हायचं. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० मध्ये अचानक मेला, तेव्हा डॉ. फ्रँक निकोल्स यांनी देह उघडून महाधमनीची चीर आणि हृदयाभोवती साठलेलं रक्त पाहिलं आणि लिहून ठेवलं. सीटीने पहिला रुग्ण तपासला तो १९७१ साली, लंडनमध्ये, हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर, तोही मेंदूसाठी.

कृष्णधवल
मास्तर, सुंदर. डॉ. मायकल डीबेकी यांचंही सांगायला हवं. डिसेक्शनचे प्रकार आणि त्यावरची शस्त्रक्रिया ज्यांनी घडवली, त्यांनाच ३१ डिसेंबर २००५ ला, वयाच्या ९७ व्या वर्षी हाच आजार झाला. सीटीने तो सिद्ध झाला. आधी त्यांनी ऑपरेशन नाकारलं. पुढच्या स्कॅनमध्ये महाधमनी फुगत जाताना दिसली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त जगले.

यॉर्कशायरची_माई
मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, मूळची सांगलीची. निसटलेली निदानं इथेही आहेत, यंत्रं जागोजागी असूनही. २०२० साली इथल्या तपास संस्थेने डिसेक्शन उशिरा ओळखलं जाण्यावर सविस्तर अहवाल काढला. त्यानंतर २०२१ मध्ये आपत्कालीन डॉक्टरांच्या आणि रेडिओलॉजिस्टच्या दोन्ही कॉलेजांनी मिळून मार्गदर्शक सूचना दिल्या.

इथे पोटातल्या फुग्यासाठी ६५ व्या वर्षी प्रत्येक पुरुषाला एकदा सोनोग्राफीला बोलावतात. दहा मिनिटांचं काम. साडेपाच सेंटिमीटरला पोहोचला की सर्जनकडे. छातीतल्या डिसेक्शनसाठी मात्र अशी चाळणी नाही.

एक गोष्ट माझ्या कामातून सांगते. दुखणं इंजेक्शनने थांबलं म्हणजे आजार गेला असं इथेही समजतात. डिसेक्शनचं दुखणं कधी कधी आपोआप ओसरतं. रुग्ण शांत पडून असतो आणि घरचे म्हणतात, आता बरं वाटतंय, सोडा. दुखणं सुरू कसं झालं हे विचारा. आता किती आहे, याला फारसा अर्थ नाही.

माणदेशी_डॉक
+१ माई. आणखी एक फार महत्त्वाचं. चीर उजव्या कोरोनरी धमनीच्या (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या) तोंडापाशी गेली तर ईसीजीत चक्क हार्ट अटॅक दिसतो. अशा वेळी घाईत रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर ते जीवघेणं ठरू शकतं. ईसीजी अटॅकचा आहे, पण दुखणं पाठीत फाडल्यासारखं आहे, एका हाताची नाडी मंद आहे, तर इंजेक्शनआधी थांबून महाधमनीचा विचार करायलाच हवा. थांबायचं म्हणजे दोन तास नाही, एक इको आणि एक फोन.

निशिगंध
माझ्या नवऱ्याला मार्फान आहे, म्हणजे शरीरातल्या जोड-ऊतींचा जन्मजात आजार. उंच, लांब बोटं, चष्म्याचा मोठा नंबर. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच आधी ओळखलं आणि इको करायला सांगितली. महाधमनीचं मूळ ४.७ सेंटिमीटर निघालं. पाच व्हायच्या आत ठरवून ऑपरेशन झालं. दर वर्षी आम्ही एमआरआय करतो, म्हणजे किरणांचा प्रश्न नाही. एमआरआयला वेळ लागतो, त्यामुळे तातडीत तो उपयोगाचा नाही असं आम्हाला सांगितलंय.

घरात कुणी असं उंच-सडपातळ असेल आणि नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर एक इको नक्की करून घ्या. "हार्ट फेल झालं" असं जुन्या लोकांनी सांगितलेल्या सगळ्याच गोष्टी हृदयाच्या नसतात.

कृष्णधवल
बरोबर आहे, तातडीत एमआरआय नाही. रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नसेल तर अन्ननलिकेतून केलेली इको सीटीच्या तोडीची असते, ऑपरेशन टेबलावर भूल दिल्यावरही करता येते.

तरुण मुलगी, एका हाताची नाडी लागत नाही, रक्तदाब दोन्ही हातांत वेगळा, ताप आणि थकवा, तर आपल्याकडे ताकायासूचाही विचार करायचा. तो वेगळा आजार, भिंतीला सूज येते. पण चित्र घेण्याची जागा तीच, महाधमनी आणि तिच्या फांद्या.

रानजाई
इतकं मिळालं की पुन्हा पुन्हा वाचतेय. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला असं समजलं: पहिल्या रात्रीच्या तपासण्या चुकीच्या नव्हत्या, महाधमनीचा प्रश्न विचारला गेला नव्हता. आणि नातेवाईक म्हणून आम्ही "पाठीत दुखतंय" एवढंच सांगितलं. एकदम कसं सुरू झालं, गोळी बंद केली होती, हे कुणी बोललंच नाही.

आता पुढचं. त्याची सख्खी भावंडं आणि मुलं यांनी काय करावं? आणि त्याचं स्वतःचं?

कृष्णधवल
सख्खी भावंडं आणि मुलं, सगळ्यांची एकदा इको. मूळ आणि वरचा भाग नीट दिसला नाही तर सीटी किंवा एमआरआय. घरात आणखी कुणाला महाधमनीचा त्रास झालेला असेल तर जनुकीय तपासणीबद्दल हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

भावाचं ऑपरेशन वरच्या भागाचं झालं. खालची खोटी पोकळी बहुधा तशीच आहे, पाय गार पडला त्याअर्थी चीर खालपर्यंत गेली होती. त्यामुळे पहिल्या वर्षात काही ठरावीक वेळा आणि नंतर दर वर्षी स्कॅन लागेल. रक्तदाबाची गोळी आता कधीच स्वतःहून बंद नाही. जड उचलणं आणि जोर लावून व्यायाम, सर्जनला विचारल्याशिवाय नाही.

गॅन्ट्री_जालना
ताई, शेवटचं एक. पहिल्या सीटीची फिल्म आणि कागदी रिपोर्ट तर ठेवाच, पण केंद्राकडून सीडी मागून घ्या आणि तिची प्रत पेनड्राइव्हवर करून ठेवा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी. पुढच्या वर्षी महाधमनी दोन मिलिमीटरने वाढली की नाही हे दोन्ही स्कॅन शेजारी ठेवूनच मोजता येतं. बऱ्याच केंद्रांत जुना डेटा काही काळाने पुसला जातो, त्यामुळे या आठवड्यातच मागा. आणि रात्री-बेरात्री परत कुठे न्यायची वेळ आली तर तो पेनड्राइव्ह सोबत असू द्या.

रानजाई
उद्याच केंद्रावर जाते दादा. भावंडांच्या इकोचे रिपोर्ट आले की याच धाग्यावर लिहीन.